घट्ट, तरीही सहज : घरात मुद्रित केलेल्या मेटल गिटारविषयी

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केला. "सर, शीर्षक चुकून दुसऱ्या कुणाचं छापलं गेलंय का?" चुकून छापलेलं नाही. आज आपण मेटल संगीतातल्या गिटारच्या आवाजाविषयी बोलणार आहोत, आणि तेही घरी, खोलीत बसून मुद्रित केलेल्या गिटारविषयी. आम्हाला गिटार वाजवता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कान आहेत, आणि गेली काही वर्षं हे संगीत आम्ही लक्ष देऊन ऐकतो आहोत.

झालं असं. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो. दिवसा नोकरी, रात्री गिटार. सगळं हेडफोनवर, त्यामुळे सोसायटीत तक्रार नाही. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन खाली आला आणि त्याने आम्हाला एकच रिफ दोन प्रकारे ऐकवली. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा, ठसठशीत तुकडा. पहिल्या फाइलमध्ये त्याने वाजवली तशी. दुसरीत प्रत्येक आघात संगणकावर कापून तालाच्या रेघेवर नेमका बसवलेला. तो म्हणाला, "काका, पहिली ढिली वाटते. दुसरी घट्ट आहे, पण मेलेली आहे. घट्टही हवी आणि नैसर्गिकही हवी. मला वाटतं, माझ्या हातातच ते नाही."

शेवटचं वाक्य आम्हाला खटकलं. आजचं व्याख्यान त्या वाक्यासाठी आहे. कारण त्यामागे एक गृहीतक आहे : घट्टपणा यंत्र देतं, नैसर्गिकपणा हात देतो, आणि या दोघांचं भांडण आहे, तेव्हा कुठेतरी तडजोड करायची. आम्हाला वाटतं हे गृहीतक चुकीचं आहे. ते का चुकीचं, हे आता पाहू.

आधी शब्द नीट लावून घेऊ. मेटलच्या गिटारला 'घट्ट' म्हणतात तेव्हा लोकांच्या मनात सुरुवात असते : सगळे आघात वेळेवर पडले पाहिजेत. पण कान देऊन ऐका. घट्टपणा निम्म्याहून अधिक शेवटात असतो. सूर केव्हा थांबला, किती स्वच्छ थांबला, आणि त्यानंतरच्या शांततेत काही खरखर उरली का? तबला ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खुला बोल आणि बंद बोल यांतला फरक आघातात असतो तसाच आघातानंतर बोटं काय करतात यातही असतो. गिटारवाला उजव्या तळहाताची कड तारांवर, घोडीच्या जवळ, हलकी टेकवून वाजवतो. त्याला पाम म्यूट म्हणतात. हा गिटारचा बंद बोल. हात घोडीकडे जरा सरकला की बोल उघडतो, जरा पुढे आला की अगदीच मिटतो. हे मिलिमीटरांचं काम आहे, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर नंतर करून देत नाही.

आता 'नैसर्गिक' हा शब्द. इथे खरी पंचाईत आहे. मेटलच्या गिटारमध्ये निसर्ग कुठला? बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीपासून सुरुवात करा. ब्लॅक सॅबथचा हा गिटारवादक. किशोरवयात पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवला. १९७० साली आलेल्या पहिल्या अल्बमपासून जो आवाज या संगीताचा पाया ठरला, तो प्लॅस्टिकच्या बोटांतून आलेला आहे.

आणि डिस्टॉर्शन? ते तर सरळ सरळ बिघाड आहे. अ‍ॅम्पला पेलवेल त्याहून जास्त सिग्नल दिला की लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लाटेत नवे स्वर जन्मतात. म्हणजे ज्याला आपण या गिटारचा 'स्वभाव' म्हणतो, तो तंत्रज्ञांच्या भाषेत दोष आहे.

यावर कुणी म्हणेल, मग नैसर्गिक हा शब्दच टाकून द्या. आम्ही टाकणार नाही, कारण आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे : सहज. सह आणि ज. सोबत जन्मलेलं. तानपुऱ्याची जवारी आठवा. रुंद घोडी आणि तारेखाली सरकवलेला दोरा. तार घोडीला हलकेच घासते आणि तो झणकार उठतो. तोही एका अर्थी 'डिस्टॉर्शन'च. मिरजेचा कारागीर तासन् तास घोडी घासून तो झणकार घडवतो, म्हणजे मनुष्यकृत आहे. तरी तानपुऱ्याचा झणकार कृत्रिम आहे असं कुणी म्हणत नाही. का? कारण तो सुराबरोबर जन्मतो. तार जशी छेडाल तसा तो येतो. जोरात छेडली तर वेगळा, हळुवार छेडली तर वेगळा. कारण बदललं की कार्य बदलतं, आणि ते बदललेलं ऐकू येतं.

सहजतेची आमची व्याख्या एवढीच. हातात काय झालं हे आवाजात ऐकू आलं पाहिजे. मध्ये किती यंत्रं आहेत याला महत्त्व नाही. पन्नास असोत. त्या पन्नासांतून हात पलीकडे पोचतो का, एवढंच विचारायचं.

ही व्याख्या मान्य केली की घट्टपणाचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. घट्टपणा कोणत्या टप्प्यावर जन्मला? आघाताबरोबर, की नंतर?

इथे आम्ही तुम्हाला स्वयंपाकघरात नेतो. थालीपिठाची भाजणी. धान्यं आधी भाजायची आणि मग दळायची. कुणी आधी दळून मग ते पीठ भाजलं तर जिन्नस तेच, क्रिया त्याच, पण भाजणी होणार नाही. डिस्टॉर्शनचं तसंच आहे. डिस्टॉर्शनच्या आधी आवाजातला खालचा भाग गाळणं आणि नंतर गाळणं या दोन सर्वस्वी निराळ्या क्रिया आहेत.

कसं ते पाहू. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये गेले की त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. मेटलमध्ये षड्ज आणि पंचम एकत्र वाजवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. समजा एक स्वर ११० हर्ट्झचा आणि दुसरा १६५चा. वजाबाकी ५५. हा झाला खालच्या स्वराच्या बरोबर एक सप्तक खालचा स्वर, आणि तो कुणीही वाजवलेला नाही! कॉर्ड इतकी भारदस्त का वाटते याचं एक उत्तर या न वाजवलेल्या स्वरात आहे. पण याच गणिताचा तोटाही आहे. जाड तारेची खालची घुमघुम जर तशीच डिस्टॉर्शनमध्ये शिरली, तर ती प्रत्येक स्वराशी असं गणित मांडत बसते. सगळं चिखल होतं. नंतर इक्वलायझरने खालचा भाग कापलात तर घुमघुम कमी होईल, पण चिखल वरच्या स्वरांत आधीच मिसळून गेलेला असतो. पीठ दळून झालेलं असतं.

म्हणून गिटारवाले एक युक्ती करतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबनेझ कंपनीने आणलेलं ट्यूब स्क्रीमर नावाचं छोटं हिरवं पेडल. त्याचं डिस्टॉर्शन जवळजवळ शून्यावर ठेवायचं, आवाज वाढवायचा, आणि ते अ‍ॅम्पच्या आधी जोडायचं. हे पेडल खालचा भाग कमी करतं आणि मधला भाग थोडा उचलतं. अ‍ॅम्पपर्यंत पोचतो तो सडसडीत, टोकदार सिग्नल. आज घरच्या संगणकावर या पेडलच्या नकला मिळतात आणि त्यांचं काम तेच. बघा, इथे घट्टपणा मिळाला, आणि हातही पुसला गेला नाही. उलट आघात अधिक स्पष्ट झाला. घट्टपणा आणि सहजता इथे भांडत नाहीत.

आता तीन ध्वनिमुद्रणांकडे वळू. समीक्षा करायची तर कृती समोर हवी.

पहिलं, मेटालिकाचा १९८८चा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. घट्टपणाचा हा एक आदर्श मानला जातो. गिटारचा आवाज कोरडा, कातीव, मधला भाग बराच काढून टाकलेला. उजव्या हाताची हुकमत थक्क करणारी आहे आणि हात स्पष्ट ऐकू येतो. तरीही आमच्या मते हा आवाज अपुरा आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे : बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. १९८६ साली क्लिफ बर्टनचा बस-अपघातात मृत्यू झाला, आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम. त्याचा बास मिश्रणात दडपला गेला. पुढे हौशी लोकांनी घरी बसून बास वर आणलेल्या आवृत्त्या तयार केल्या. त्या ऐकताना गंमत होते. गिटारला कुणी हात लावलेला नाही, तरी गिटारच जाड आणि नैसर्गिक वाटू लागते. यातून घरी काम करणाऱ्याने घ्यायचा धडा मोठा आहे : ज्याला आपण गिटारचा भारदस्तपणा म्हणतो त्यातला बराचसा बासचा असतो. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झ, बासचा त्याच्या निम्मा, ४१. तळाची जागा बासची आहे. गिटारमध्ये तळ भरत बसलात तर दोघंही बुडतात.

दुसरं, नॉर्वेच्या डार्कथ्रोनचा १९९४चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. हे तर घरचंच ध्वनिमुद्रण. चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केलेलं. सगळी वाद्यं फेनरिझने एकट्याने वाजवली, गायन तेवढं नोक्टुर्नो कुल्टोचं. गिटार पातळ, थंड, सतत थरथरणारी. पुष्कळ लोक याला मेटलमधल्या नैसर्गिक आवाजाचा पुरावा मानतात : बघा, काही पॉलिश नाही, म्हणून खरं. आम्ही इथे थोडं थांबू. याच बँडचा १९९१चा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, व्यवस्थित मुद्रित झालेला होता. म्हणजे ही खरखर नाइलाजातून आलेली नाही, ती निवडलेली आहे. तीही एक शैली, एक वेशभूषा. अल्बम आम्हाला आवडतो, पण कच्चेपणा आणि खरेपणा हे समानार्थी शब्द नाहीत. उलट त्या खरखरीत हाताचे बारकावे बरेचदा विरघळून जातात. आमच्या व्याख्येने हा आवाज वाटतो तितका सहज नाही.

तिसरं उदाहरण स्वीडनच्या मेशुगाचं, आणि ते आम्हाला अडचणीत आणणारं आहे. २००५चा त्यांचा 'कॅच थर्टीथ्री' घ्या. यात ड्रम वाजवलेलेच नाहीत, संगणकावर बसवलेले आहेत. कापून बसवण्याला आम्ही नावं ठेवतो, तर इथे अख्खा ताल बसवलेला! आणि तरी अल्बम जिवंत वाटतो. का? आम्ही बरेच दिवस याचा विचार केला. उत्तर असं वाटतं : त्या ड्रमचे नमुने त्यांच्याच ड्रमरच्या, टोमास हाकेच्या, वादनातून घेतलेले होते, आणि संपूर्ण रचनाच त्या यांत्रिकपणाला सामोरी जाणारी होती. आधी वाजवून मग दुरुस्त केलेली ती गोष्ट नव्हती. त्याच बँडने २०१६चा 'द व्हायलंट स्लीप ऑफ रीझन' मात्र एकत्र, एकाच वेळी वाजवून मुद्रित केला. दोन्ही ओळीने ऐका. दुसऱ्यात आघात क्वचित केसभर मागेपुढे होतात, आणि गिटार अधिक मोठी, अधिक खोल भासते. यावरून आमचा आक्षेप जरा दुरुस्त करून घ्यावा लागतो. आमचं भांडण यंत्राशी नाही. ज्या गोष्टीत हात होता ती नंतर हात नसल्यासारखी करण्याशी आहे.

आता पुन्हा खोलीत येऊ. गेल्या वीसेक वर्षांत हे संगीत स्टुडिओतून घरात आलं. मिशा मन्सूर हा अमेरिकन गिटारवादक 'बल्ब' या नावाने घरी केलेले तुकडे इंटरनेटवर टाकत असे. त्याच्या पेरिफरी या बँडचा पहिला अल्बम २०१०चा. त्या वळणाचा आवाज आज जगभरच्या खोल्यांमधून निघतो, आणि आमच्या वरच्या मजल्यावरूनही. फ्लॅटमध्ये शंभर वॉटचा अ‍ॅम्प लावता येत नाही. गिटार सरळ संगणकात जाते, अ‍ॅम्प सॉफ्टवेअरमध्ये असतो. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची लाकडी पेटी, हीसुद्धा एक छोटी फाइल असते. तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. खऱ्या पेटीसमोर खरा माइक ठेवून तिच्या प्रतिसादाचा घेतलेला हा ठसा. ही फाइल काढून टाका आणि ऐका : डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्या! गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो, म्हणून डिस्टॉर्शन कानाला सोसतं. म्हणजे आपण ज्याला नैसर्गिक म्हणतो त्यात एका पेटीचा किती वाटा आहे पाहा. त्या तरुणाला आम्ही म्हटलं, अ‍ॅम्पची सॉफ्टवेअरं बदलत बसण्यापेक्षा ही फाइल आणि माइकची जागा बदलून पाहा. फरक तिथे जास्त पडतो.

पण खरा मुद्दा त्याच्या कापाकापीचा होता. मेटलमध्ये तीच रिफ दोनदा वाजवतात. एक टेक डाव्या कानाला, एक उजव्या. त्यातून ती भिंतीसारखी रुंदी येते. आता प्रयोग करा. दुसऱ्यांदा वाजवूच नका, पहिल्याच टेकची प्रत काढून उजवीकडे ठेवा. रुंदी नाहीशी होते. आवाज मधोमध येऊन बसतो, नुसता थोडा मोठा होतो. म्हणजे ती रुंदी कशातून जन्मली? दोन टेकमधल्या फरकातून. नखी तारेला किंचित निराळ्या कोनात लागली, तळहात केसभर सरकला, आघात काही मिलिसेकंद इकडेतिकडे पडला. आणि आपला हा मुलगा रात्र रात्र जागून नेमका तो फरक पुसत होता! एकेक आघात रेघेवर आणताना तो स्वतःच्या गिटारची भिंत विटेविटेने काढत होता. मग आवाज लहान वाटतो म्हणून आणखी डिस्टॉर्शन चढवायचा, आणि डिस्टॉर्शन वाढलं की हलका आणि जोरकस आघात सारखेच होतात. शेंडे छाटलेले ना. हात आणखी पुसला जातो.

"मग ढिलं तसंच ठेवायचं का?" असं त्याने विचारलं. मुळीच नाही. त्याच्या पहिल्या फाइलमध्ये खरोखरच ढिलाई होती. रिफमध्ये जिथे चार आघातांनंतर थांबायचं, तिथे त्याची डावी बोटं उशिरा उठत होती. ती चूक होती आणि तिला सहजता म्हणून गौरवणं हा भोंगळपणा झाला असता. पण चुकीची दुरुस्ती जिथे चूक झाली तिथे करायची. पुन्हा वाजवायचं.

आम्ही त्याला ज्या गोष्टी करून पाहायला सांगितल्या, त्या सगळ्या आघाताच्या आधीच्या किंवा आघाताबरोबरच्या होत्या. नव्या तारा. प्रत्येक टेकआधी सूर लावणं, आणि लावताना जितक्या जोरात वाजवणार तितक्याच जोरात छेडून लावणं, कारण जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी थोडी चढते. डिस्टॉर्शन इतकं कमी करणं की एकट्या गिटारला ते अपुरं वाटेल. दोन ट्रॅक मिळून ते भरून निघतं. अ‍ॅम्पच्या आधी खालचा भाग गाळणं. रिफ सुरुवातीला कमी लयीत, थांबण्याच्या जागा मोजत वाजवणं. आणि बास गिटारलाच घुमघुम सांभाळू देणं. संपादन करायचं तर टेक निवडण्यापुरतं, फार तर एखादा चुकलेला आघात हलवण्यापुरतं.

आता एक आक्षेप, जो आमच्या विद्यार्थ्यांनी नक्की घेतला असता. समजा उद्या यंत्र इतकं हुशार झालं की न वाजवलेल्या गिटारमध्येही हाताचे सगळे बारकावे घालू लागलं, आणि ऐकणाऱ्याला फरक कळेना. मग तुमच्या व्याख्येचं काय? प्रामाणिक उत्तर असं की ऐकणाऱ्यापुरतं तो आवाजही सहजच म्हणावा लागेल. हे मान्य करायला आम्हाला अडचण नाही. पण संगीताला ऐकणाऱ्याइतकाच वाजवणाराही असतो. तो रात्री अकरा वाजता खोलीचं दार लावून गिटार हातात घेतो तेव्हा त्याला फक्त फाइल नको असते, त्याला वाजवणारा व्हायचं असतं. कापून बसवलेल्या टेकने फाइल सुधारते. हात होता तिथेच राहतो, वर आपल्या हातात ते नाही अशी त्याची खात्री पटत जाते. नुकसान तिथे होतं, आणि ते कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा खाली आला. या वेळी एकच फाइल. डावीकडचा टेक बराच चांगला, उजवीकडच्यात दोन जागी अजून बोटं उशिरा उठतात. त्या त्यालाही ऐकू येत होत्या. आम्ही दाखवायच्या आधी त्यानेच दाखवल्या आणि म्हणाला, "काका, या दोन जागा आज रात्री पुन्हा वाजवतो." कापतो असं म्हणाला नाही, याचं आम्हाला बरं वाटलं.

एवढंच आज सांगायचं होतं. कुणाला प्रश्न असतील तर विचारा. आणि ज्यांच्या घरी कुणी असं रात्री हेडफोन लावून बसत असेल, त्यांनी एकदा त्याच्याकडून दोन्ही फाइली मागून ऐकाव्यात.